टपाली डाव : दोन घोड्यांचा बचाव, पाचव्या चालीला काळ्याने काय खेळावं?

मंडळी, किनवटच्या मामांशी पोस्टकार्डावर बुद्धिबळाचा डाव चालू आहे, सुरुवात ‘दोन घोड्यांचा बचाव’ नावाची. मी उदगीरला, काळी मोहरी माझी. चाली टपाली पद्धतीने आकड्यांत लिहितो : घराचा पहिला आकडा उभ्या पट्टीचा (पांढऱ्याच्या डावीकडून १ ते ८), दुसरा आडव्या ओळीचा (पांढऱ्याकडून १ ते ८); आधी सोडलेलं घर, मग गाठलेलं.

५२५४ ५७५५
७१६३ २८३६
६१३४ ७८६६
६३७५ ४७४५
५४४५ ?

घोड्याने प्यादं मारलं (६६४५) की मामा ७५६७ घोडा बळी देणार, राजाने तो खाल्ला की ४१६३ वजिराचा शह, आणि माझा राजा ५६ वर उघडा. समोरासमोर बसून कदाचित निभावलं असतं, पण मामांना विचाराला दिवसच्या दिवस मिळतात.

पुस्तकी चाल ३६१५. प्यादं जातं, मोहरी झटपट निघतात. पण घोडा काठावर बसवायला जीवावर येतं.

मन ओढतंय २७२५ कडे. पाचव्या टपाली विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेत (१९६५–६८) हान्स बर्लिनरने याकोव्ह एस्ट्रिनविरुद्ध काळ्याकडून हेच खेळून डाव मारला : ३४६१ ३६४४, ३२३३ ६६४५, ७५५४ ४८८४, ५४७३ ३८७४, ६२६३ आणि मग उंट मारात सोडून ५५५४! एस्ट्रिन या ओपनिंगचा जाणकार, पुढे स्वतःही टपाली विश्वविजेता झाला. स्पर्धा बर्लिनरनेच जिंकली.

अडचण अशी की बर्लिनरच्या या क्रमात ६६४५ नंतर पांढऱ्याने ७५५४ न खेळता ३३४४ ने घोडा मारला तर? मी ४८७५ वजिराने घोडा मारतो, ६१२५ शह, राजा ४८ वर, किल्लेकोट (कॅसलिंग) गेला. ७२ चं प्यादं माझ्या वजिराच्या तोंडी आहे खरं, पण ते खावं की आधी ५५४४? इथे कुणी खरंच खेळलं असेल तर अनुभव सांगा.

आमच्यात पुस्तक चालतं, माणसाला विचारलेलं चालतं, इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम) नाही. आंतरराष्ट्रीय टपाली बुद्धिबळ संघटनेच्या स्पर्धांत इंजिनला मुभा आहे, मामांच्या दरबारात नाही. त्यामुळे इंजिनचे आकडे कृपया चिकटवू नका.

अजून एक. २७२५ सोबत ‘३४६१ तर ३६४४’ अशी जर-तर चाल लिहिली तर एक फेरी वाचते. पण उंट मागे घरी नेणं सहज सुचणारी चाल नाही, मामा बहुधा ३४२५ ने प्यादंच खातील आणि मी ४८४५ खेळेन. म्हणजे जर-तर लिहून मीच त्यांना चांगली चाल दाखवतोय का? तुम्ही अशा वेळी काय करता?