पैसे नोव्हेंबरात भरले, सोलर पॅनेल चढले जानेवारीत. ३० टक्के टॅक्स क्रेडिट गेलं का?

कवडसा:
न्यूयॉर्क राज्यात अल्बनीजवळ राहतो. सप्टेंबरात सोलरचा करार केला, ३१,२०० डॉलर. सेल्समन म्हणाला, "डिसेंबरच्या आत पैसे चुकते करा, फेडरल टॅक्स क्रेडिट पक्कं." म्हणजे सोलरच्या खर्चाच्या ३० टक्के केंद्र सरकारच्या आयकरातून वजा. मी नोव्हेंबरातच सगळे भरले. डिसेंबरात वायरिंग आणि पॅनेलखालचे रेल झाले, मग बर्फ, मग सुट्ट्या, आणि पॅनेल छतावर चढले १४ जानेवारीला. पावत्या सगळ्या २०२५ च्या आहेत. त्या क्रेडिटसाठीचा फॉर्म ५६९५ भरू ना? बायको म्हणते आधी विचार. ९,३६० डॉलरचा प्रश्न आहे हो.

हिशोबनीस:
वहिनींचं ऐकलंत ते बरं केलंत. नका भरू.

हे क्रेडिट पैसे कधी दिले त्यावर नाही, जोडणी कधी पुरी झाली त्यावर ठरतं. आधी ३० टक्के २०३२ पर्यंत चालणार होते. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने ते ३१ डिसेंबर २०२५ ला तोडले. पैसे आधी भरून काम नंतर झालं तर मिळणार नाही, असा खुलासा आयआरएस या केंद्रीय कर खात्यानेच केलाय.

माझं नशीब नेमकं उलटं. २०२२ च्या मेमध्ये २६ टक्के धरून पॅनेल बसवले आणि ऑगस्टच्या कायद्याने त्याच वर्षापासून ३० केले. २८,००० वर ८,४०० झाले. मला वाटलं चेक येईल! चेक-बिक काही येत नाही, फक्त देय करातून वजा होतं. त्या वर्षी बायको बिनपगारी रजेवर, आमचा कर जेमतेम ५,९००. उरलेले २,५०० पुढच्या रिटर्नमध्ये वळते झाले.

पण न्यूयॉर्क राज्याचं क्रेडिट वेगळं आहे आणि ते चालू आहे. खर्चाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ५,०००. तुमचे २५ टक्के ७,८०० होतात, म्हणजे पूर्ण ५,००० पदरात. फॉर्म आयटी-२५५, पण २०२६ च्या रिटर्नबरोबर. कर कमी पडला तर उरलेलं पाच वर्षं पुढे नेता येतं.

आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या सवलतीचा अर्ज, आरपी-४८७, आजच भरा. सोलरमुळे घराची किंमत वाढते, त्या वाढीव भागावरचा प्रॉपर्टी टॅक्स १५ वर्षं माफ होतो. बहुतेक टाउनमध्ये मुदत १ मार्च. काही ठिकाणी ही सवलत नाकारलेली आहे, तेव्हा असेसरला, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या टाउनच्या अधिकाऱ्याला, एक फोन करा.

गच्चीवाली:
आमच्या दारावर अजून येतात "३० टक्के" सांगत. खोदून विचारलं तर लीज निघतं. म्हणजे पॅनेल कंपनीचे आणि क्रेडिटही कंपनीचं. वर भाडं दरवर्षी वाढणार, ते बारीक अक्षरात. कवडसा, त्या सेल्समनने मुदतीचं लेखी काही दिलं होतं का?

कवडसा:
आत्ता करार काढून वाचला. काम पुरं होण्याची तारीख "अंदाजे" लिहिलीय, आणि टॅक्सबद्दल "आपल्या सल्लागारास विचारावे". तोंडी काय वाटेल ते बोलला, कागदावर चकार शब्द नाही. असेसरकडे फोन केला, आमच्या टाउनमध्ये सवलत आहे. आरपी-४८७ उद्या स्वतः नेऊन देतो, पोस्टावर सोडत नाही. नऊ हजारांचं बायकोला अजून सांगितलेलं नाही.