वादग्रस्त नेत्याचे 3 लाख: एकांकिका स्पर्धेसाठी घ्यायचे का, आणि घेतले तर कसे?

विंगेतला
तीन दिवसांची एकांकिका स्पर्धा, जिल्ह्याचं गाव. संस्था नोंदणीकृत, 80जी (देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणारी मान्यता) आहे. अंदाजपत्रक 5 लाख 40 हजार. एक स्थानिक नेते 3 लाख द्यायला तयार आहेत. त्यांचा बांधकामाचा व्यवसाय आहे आणि जमिनीच्या प्रकरणांत गुन्हे दाखल आहेत. अट एकच: करंडकाला त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव. कार्यकारिणीत उभी फूट पडलीय. तत्त्वचर्चा पोटभर झाली, कागदोपत्री काय करावं ते सांगा.

हिशेबनीस
आधी ठरवा, ही देणगी की प्रायोजकत्व? नुसत्या आभाराच्या पाटीवर नाव असेल आणि धंद्याची जाहिरात नसेल, तर ती देणगी. ऑक्टोबर 2019 च्या परिपत्रकानुसार त्यावर जीएसटी नाही. फ्लेक्सवर गृहप्रकल्पाचं चित्र आलं की ते प्रायोजकत्व. मग पैसे कंपनीकडून आले तर 2% टीडीएस कापून येतील आणि 80जीची पावती देता येणार नाही. दोन्हीचा फायदा एकाच रकमेवर मागणारे भेटतातच, तिथे ठाम राहा.

रोख घेऊ नका. 2,000 च्या वर रोख देणगीला 80जीची सवलत मिळत नाही, आणि एका कार्यक्रमासाठी एकाच माणसाकडून 2 लाख किंवा जास्त रोख घेणं हा दंड ओढवून घेणारा प्रकार आहे: जेवढी रक्कम, तेवढा दंड. 'मंडपवाल्याचं मी परस्पर बघतो' हेही नको. ते बिल तुमच्या वहीत येत नाही आणि लेखापरीक्षक नेमका त्यावर बोट ठेवतो. पैसे कुणाच्या खात्यातून येतात ते पाहा. नेत्याचं नाव आणि चेक भलत्याच फर्मचा असेल तर परत करा.

जुना_प्रॉम्प्टर
खरी किंमत करंडकाची आहे. फ्लेक्स चौथ्या दिवशी उतरतो, करंडकाचं नाव मात्र पुढची वीस वर्षं पोरांच्या माहितीपत्रकात राहतं.

सॅकलर कुटुंबाचं प्रकरण बघा. त्यांच्या पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीच्या ऑक्सिकॉन्टिन या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकावरून अमेरिकेत रान पेटलं. मार्च 2018 मध्ये छायाचित्रकार नॅन गोल्डिन आणि साथीदारांनी न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात, सॅकलर विंगमधल्या देंदूर मंदिराभोवतीच्या पाण्यात गोळ्यांच्या नारिंगी बाटल्या फेकल्या. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयानं जुलै 2019 मध्ये सॅकलर नाव उतरवलं, तेही शांतपणे: आमच्या नियमानुसार देणगीदाराचं नाव 20 वर्षांपुरतं, मुदत संपली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेनं मात्र आपल्या आशियाई कलेच्या संग्रहालयाला नाव कायमचं लिहून दिलं होतं. संग्रहालयाची ओळख बदलली, तरी आर्थर सॅकलर यांचं नाव दालनावरून काढता येईना. बरं, हे गृहस्थ 1987 मध्येच वारले आणि गोळी बाजारात आली 1996 मध्ये. आडनाव पुरलं.

म्हणून करंडक संस्थेच्याच नावाचा ठेवा. वडिलांचं नाव एखाद्या वैयक्तिक बक्षिसाला द्या, दोन वर्षांपुरतं. करारात असं लिहा: 'संस्थेच्या मते नावामुळे संस्थेच्या लौकिकाला बाधा येत असल्यास कार्यकारिणी बहुमताच्या ठरावाने 7 दिवसांत नाव काढू शकेल, मिळालेली रक्कम परत करण्याचे बंधन राहणार नाही.' 'गुन्हा दाखल झाल्यास' असं कलम इथे कुचकामी, कारण गुन्हे आधीच दाखल आहेत. समोरचा म्हणेल, तुम्हाला हे माहीत होतंच की.

तिसरी_घंटा
कलमं ठीक आहेत, पण 5.40 लाखांमधले 3 म्हणजे पंचावन्न टक्क्यांच्या वर. उद्या नाव काढायचा ठराव मांडायला कोण हात वर करणार? एका माणसाचा वाटा पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर गेला की कलम कागदावरच राहतं. लंडनच्या टेट कलासंग्रहालयाला बीपी या तेल कंपनीकडून 1990 ते 2006 दरम्यान वर्षाला दीड ते सव्वातीन लाख पौंडांच्या आसपास मिळत होते. एवढ्या मोठ्या संस्थेला ही रक्कम किरकोळ, आणि आकडे बाहेर पडले तेव्हा एवढ्याशासाठी कंपनीला मिरवत होतात का, असं लोकांनी विचारलंच.

आणि कलाकारांना गृहीत धरू नका. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या मंडळावर अश्रुधूर बनवणाऱ्या कंपनीचे मालक वॉरन कँडर्स होते. द्वैवार्षिक प्रदर्शनातून आठ कलाकारांनी आपली कामं काढून घेऊ असं कळवलं आणि कँडर्सना राजीनामा द्यावा लागला. प्रवेशअर्जावरच प्रायोजकाचं नाव छापा. तालमी झाल्यावर, स्पर्धेच्या आदल्या रात्री कळलं तर संघ बिथरतात.

माझं मत: 1 लाख घ्या, बाकी 2 लाख स्मरणिकेच्या पाच-पाच हजारांच्या चाळीस जाहिरातींतून उभे करा. पायपीट आहे, पण होतं.

विंगेतला
सगळ्यांचे आभार. नगरपालिका निवडणूक तोंडावर आहे आणि ते उभे राहणार अशी चर्चा आहे. त्यानं काही बदलतं का?

हिशेबनीस
बरंच. आचारसंहिता लागली की पालिकेच्या नाट्यगृहात उमेदवाराचा फोटो असलेला फ्लेक्स टिकत नाही, आणि व्यासपीठावर प्रचार झाला तर तो खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जाऊ शकतो. मग निवडणूक खर्च तपासणारे बिलं मागायला तुमच्याच दारात येतात. आधीची निवडणूक लढवली असेल तर शपथपत्र काढून वाचा, प्रलंबित खटले त्यात असतात. त्यांच्या प्रकल्पांवरच्या तक्रारी महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर दिसतात.

उद्घाटनाला बोलावलंत तर भाषण पाच मिनिटं, सूत्रसंचालकाच्या हातात माइक. भाषणांमुळे पहिली एकांकिका चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली की नाट्यगृहाचं ठरलेलं सत्र ओलांडतं आणि जादा भाडं संस्थेच्या डोक्यावर बसतं. आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय नाव छापायला देऊ नका. माइकवर जाहीर झालेल्या देणग्यांची वसुली करणं हा स्वतंत्र उद्योग आहे.