मथळ्यांतून शिकलेले इंग्रजी शब्द वापरायचे कसे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेले ३ महिने रोज इंग्रजी बातम्यांचे मथळे वाचून नवे शब्द वहीत उतरवते आहे. 'प्रोब' म्हणजे चौकशी, 'नॅब' म्हणजे पकडणे, 'क्वॅश' म्हणजे रद्द करणे, हे आता पटकन कळतं. जागा कमी म्हणून मथळ्यात असे आखूड शब्द घेतात, हेही लक्षात आलं.

अडतं ते वापरताना. 'स्लॅम' म्हणजे खरं तर दार धाडकन आपटणं, मथळ्यात मात्र कडक टीका करणं. मी तो कामाच्या ईमेलमध्ये त्याच अर्थाने लिहिला, तर वरिष्ठांनी त्याऐवजी 'क्रिटिसाइज' लिहायला सांगितलं. मग कोणता शब्द बोलण्यात चालतो आणि कोणता फक्त मथळ्यातच शोभतो, हे ओळखायचं कसं? शब्दकोशात प्रत्येक वेळी तसं लिहिलेलं नसतं.

व्याकरणाचंही तसंच. 'मॅन हेल्ड' वाचून मला वाटलं, माणसाने काहीतरी धरलं. प्रत्यक्षात त्यालाच ताब्यात घेतलं होतं, मधला 'वॉज' गाळला होता! 'मिनिस्टर टु व्हिजिट' मधला 'टु' भविष्यकाळ दाखवतो, हे तर फार उशिरा कळलं.

सध्या मी सुटे शब्द लिहिते. त्याऐवजी अख्खा मथळा लिहून खाली त्याचं पूर्ण वाक्य करावं का? की कोर्ट, निवडणूक, अपघात असे विषयवार गट पाडावेत? ज्यांनी या मार्गाने इंग्रजी सुधारलंय त्यांनी आपली पद्धत जरा सविस्तर सांगा, विशेषतः उजळणी कशी करता ते. मला हे मनापासून शिकायचं आहे.