गच्चीवरून आकाशगंगेतील हायड्रोजनची रेषा टिपायची आहे : मार्गदर्शन हवे

नमस्कार मंडळी,

घराच्या गच्चीवर कर्ण्याच्या आकाराचा अँटेना उभारून आकाशगंगेतील हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्‌झची रेषा (तिथला हायड्रोजन वायू ज्या ठरावीक वारंवारतेवर रेडिओलहरी सोडतो ती खूण) टिपावी, आणि ती मूळ वारंवारतेपासून किती सरकते यावरून आकाशगंगेच्या फिरण्याचा वेग काढावा, असा माझा संकल्प आहे. मी चाकणजवळ पत्र्याच्या फॅब्रिकेशनचे काम करतो. कापणे, वाकवणे, रिव्हेट मारणे याची चिंता नाही; मदत हवी आहे ती रेडिओच्या बाजूची.

या ध्यासाचे मूळ नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीत आहे. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या तबकडीकडे पाहताना प्रथम जाणवते ते हे, की तिच्यातून आरपार आभाळ दिसते. ही दुर्बीण उभारणारे डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरतारांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी बसवली. लांब रेडिओलहरी त्या जाळीवरून परावर्तित होतात, वारा मात्र निघून जातो, म्हणून सांगाडा हलका राहतो आणि खर्चही आटोक्यात येतो. पत्र्यात हयात घालवणाऱ्याला ही युक्ती मनापासून भावते. पुढे हौशी रेडिओ-खगोल निरीक्षक ग्रोट रेबर यांच्याविषयी वाचले. त्यांनी १९३७ साली अमेरिकेतील व्हीटन येथे घराशेजारी स्वखर्चाने सुमारे साडेनऊ मीटरची तबकडी बांधली आणि ३३०० व ९०० मेगाहर्ट्‌झवर काहीही हाती न लागूनही १६० मेगाहर्ट्‌झवर आकाशगंगा सापडेपर्यंत काम सोडले नाही. हायड्रोजनची रेषा १९५१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ यूएन आणि पर्सेल यांनी प्रथम टिपली, तीही हार्वर्डमधील प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेल्या कर्ण्याने. म्हणून मीही तोच मार्ग धरला आहे.

पहिला प्रश्न वेव्हगाइडचा, म्हणजे कर्ण्याने गोळा केलेल्या लहरी ज्या धातूच्या पेटीत शिरतात तिचा. तेलाचा १५ किलोचा डबा सहज मिळतो, परंतु त्याची बाजू २३ सेंटीमीटरच्या आसपास असल्याने या वारंवारतेला त्यात मूळ मोडबरोबर (लहरीच्या पेटीतील मूळ मांडणीबरोबर) वरचे मोडही चालतील. त्याऐवजी १६ × १० सेंटीमीटर अंतर्मापाची पेटी वाकवली, तर कटऑफ (ज्याखालच्या लहरी पेटीतून जात नाहीत ती वारंवारता) ९३७ मेगाहर्ट्‌झला येतो आणि तांब्याचा प्रोब (लहरी टिपणारी छोटी तार) मागच्या भिंतीपासून सुमारे ७ सेंटीमीटरवर बसतो. हा हिशेब जाणकारांनी तपासावा. प्रोबची लांबी साधारण ५ सेंटीमीटर धरली आहे. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचे छोटे उपकरण) हाताशी नसताना ती जुळवता येईल का?

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. गच्चीसमोरच मोबाइलचा टॉवर आहे. एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा, स्वतःची खरखर कमी असलेला ॲम्प्लिफायर) प्रोबला लागूनच हवा, हे समजते. पण फिल्टर (नको त्या वारंवारता अडवणारा) त्याच्या आधी लावला तर फिल्टरचा लॉस, म्हणजे त्यात होणारी सिग्नलची घट, थेट नॉइजमध्ये (खरखरीत) भर घालतो आणि नंतर लावला तर टॉवरचा सिग्नल एलएनएलाच सॅच्युरेट करील, म्हणजे त्याची क्षमताच भरून टाकील, अशी भीती वाटते. ९३७ च्या खालचे बरेचसे वेव्हगाइडच अडवील, मोबाइलच्या १८०० च्या पट्ट्याचे मात्र काय करावे? शहरी भागात हा प्रयोग ज्यांनी केला आहे, त्यांनी कोणता क्रम ठेवला?

आलेखात मिळालेला उंचवटा खरोखर आकाशातलाच आहे, याची खात्री तो ताऱ्यांप्रमाणे दररोज सुमारे ४ मिनिटे आधी येतो का यावरून करणार आहे. आणखी काही कसोटी असल्यास सुचवावी.

ऑक्टोबरमध्ये हंस तारकासमूह सायंकाळी उंच असतो, तेव्हा पहिले निरीक्षण घ्यायचे आहे. त्यापूर्वी सुटे भाग मागवावे लागतील, म्हणून निदान फिल्टरच्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळाल्यास फार उपकार होतील.