रॅक घेण्याआधी चपला मोजा

ताई, तुम्ही विचारलंत की पाच माणसांना दोन फुटी रॅक पुरेल का. माझ्या मते नाही. मोठ्यांच्या एका जोडाला रुंदीत ८ ते ९ इंच लागतात, म्हणजे दोन फुटांत एका कप्प्यात जेमतेम तीनच जोड. माणशी तीन धरले तरी पंधरा झाले. तीन फुटी, चार कप्प्यांचा घ्या, सोळा बसतील.

रॅकची आतली खोली मात्र नक्की मोजा. नऊ नंबरचा बूट सुमारे १२ इंच लांब असतो. आमच्या विजापूर रोडच्या घरी दहा इंची कपाट आणलं आणि यांचे बूट आत गेले की दारच लागेना. शेवटी सुताराकडून आतल्या फळ्या तिरक्या करून घेतल्या. तिरक्या फळीला खोली कमी पुरते, त्यामुळे जिन्यापाशी जागा अरुंद असेल तर तसाच घ्या. दाराची झडप पूर्ण उघडते का, हेही पाहा.

आणि आपल्या सोलापूरचं ऊन! लोखंडी रॅक पश्चिमेच्या व्हरांड्यात ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये तो तापतो आणि बुटांच्या तळांचा गोंद सुटतो. धूळही भरपूर, म्हणून दार हवंच, पण जाळीचं किंवा भोकांचं. नाहीतर कुबट वास धरतो. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून चार इंच वर ठेवा, झाडू आत फिरला पाहिजे.

गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात, तेव्हाच्या चपलांसाठी वेगळा रॅक नको. दाराबाहेर पायपुसण्याशेजारी राहू द्या.