अज्ञात, अनाम, निनावी की बेवारस?

प्रश्न : अमेरिकेतल्या यादवी युद्धावर (१८६१–६५) लेख लिहितेय. ज्यांची नावं कळलीच नाहीत अशा सैनिकांच्या कबरींवर दर मे महिन्यात, मेमोरियल डेला, छोटे झेंडे लावतात. या सैनिकांना मी 'निनावी' म्हटलंय, पण ते खटकतंय.

उत्तर : ताई, खटकायलाच हवं. निनावी असतं ते पत्र. लिहिणाऱ्याने नाव मुद्दाम लपवलेलं असतं. या पोरांनी काहीच लपवलं नव्हतं. तेव्हा सरकारी ओळखपट्टी नव्हती, म्हणून कितीतरी जण चिठ्ठीवर नाव-गाव लिहून ती कोटाला टाचून लढायला जात. मेल्यावर घाईघाईत पुरलं, उशाशी फळी रोवली, आणि फळीवरची अक्षरं उन्हापावसात गेली.

व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गच्या लष्करी दफनभूमीत उत्तरेकडच्या राज्यांच्या बाजूने लढलेले १५,०००हून अधिक सैनिक आहेत. ओळख पटली ती जेमतेम २० टक्क्यांची. बाकीच्यांच्या वाट्याला बुटका चौकोनी दगड आणि त्यावर आकडे. वरचा आकडा कबरीचा, खालचा आत किती जण आहेत त्याचा. खाली ५ असेल तर पाच घरची पाच मुलं एका दगडाखाली.

'बेवारस' तर नकोच. वारस होते, वाट बघत होते. 'अनाम' कवितेत शोभतं, पण त्याचा अर्थ ज्याला नावच नाही असा. मी 'अज्ञात' लिहीन. नाव त्याला होतंच, ठाऊक नाही ते आपल्याला. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या बंदिछावणीत डोरेन्स ॲटवॉटर नावाच्या तरुण कैद्याने मृतांची यादी चोरून उतरवून ठेवली. म्हणून तिथल्या सुमारे १३,००० कबरींपैकी फक्त ४६० अज्ञात राहिल्या. एका माणसाने लिहून ठेवलं, तर एवढा फरक!

आणखी एक : 'गृहयुद्ध' न लिहिता 'यादवी' लिहिलंत, फार बरं वाटलं. प्रभासक्षेत्री आपसात लढून संपलेले यादव त्या शब्दात आहेत. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवरही एक अक्षर नसतं. लोक नुसतं 'वीर' म्हणतात, शेंदूर लावतात.

प्रश्नकर्ती : 'अज्ञात' पक्कं. पण झेंडे लावण्याला 'मानवंदना' म्हणावं का?

उत्तर : मानवंदना म्हटलं की बंदुका आणि बिगुल आले. इथे कुणीतरी गुडघ्यावर बसून, आकडा कोरलेल्या दगडापुढे हातभर काडीचा झेंडा मातीत खोचतं. 'आदरांजली' लिहा.