प्रति: औषध सगळ्यांना सारखं का लागू पडत नाही?

पेडण्याच्या ताईंनी वर विचारलंय की आमवाताच्या (रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या) औषधाने बिघडलेल्या पेशी मरतात, तर मग एकाला गुण येतो नि दुसऱ्याला का नाही? त्यात थोडी भर घालतो.

पेशी मरण्याचेही प्रकार आहेत. अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये पेशी निमूटपणे आवरतं घेते, सहसा दाह होत नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मात्र कधीकधी मरताना आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, त्याला नेटोसिस म्हणतात. त्या जाळ्यात सिट्रुलिनयुक्त (रासायनिक बदल झालेली) प्रथिनं असतात, आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्तचाचणीत सापडणारी प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) अशाच प्रथिनांविरुद्ध असतात. म्हणजे हे मरणच आग वाढवतं! उलट सांध्याच्या अस्तरातल्या माजलेल्या पेशी मरायला हव्यात, तर त्या मरत नाहीत.

रिटुक्सिमॅब हे आमवाताचं एक औषध सीडी20 नावाचं प्रथिन अंगावर असलेल्या बी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) संपवतं. पण प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी20 जवळजवळ नसतंच, त्या वाचतात. आरएफ (आमवाताची आणखी एक रक्तचाचणी) किंवा अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असणाऱ्यांना रिटुक्सिमॅब सहसा जास्त लागू पडतं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जाताना या चाचण्यांचे जुने रिपोर्ट बरोबर न्याच.

माझ्या आईला मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू झालं तेव्हा विळीवर नारळ खवायला तिची मूठ वळत नव्हती. फरक दिसायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. तेवढ्यात कुणाच्या सांगण्यावरून गोळी सोडू नका, अगदी कळकळीने सांगतो. आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेततं.